‘लोगोस’ : शब्द की वाक्य?

वाचन : योहान १:१-१४

कोलकात्यातील बेहाला भागात राहणारा मराठी ख्रिस्ती मनुष्य बंगाली उपासनेस गेला, तर योहानाच्या पहिल्याच वचनाशी थबकतो. आपण जेथे ‘शब्द’ वाचतो, तेथे बंगाली पवित्र शास्त्रात ‘वाक्य’ आहे. या दोन्ही भाषांतील नवा करार प्रथम छापला गेला तो हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, श्रीरामपूर येथे, विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली; बंगाली १८०१ साली व मराठी १८११ साली, मोडी लिपीत. मग यांपैकी मूळ ग्रीकला धरून कोणते?

‘लोगोस’ हे नाम ज्या धातूपासून आले, त्याचा जुना अर्थ गोळा करणे, मोजणे आणि मग सांगणे असा आहे. नव्या करारात हा शब्द सुमारे ३३० वेळा येतो. मत्तय २५:१९ मध्ये धनी दासांकडून घेतो तो हिशेब म्हणजे ‘लोगोस’. प्रेषितांची कृत्ये १९:३८ मध्ये देमेत्रियाची फिर्याद तीही ‘लोगोस’. इब्री ४:१२ चा आरंभ देवाच्या ‘लोगोस’ने होतो आणि १३ व्या वचनाचा शेवट आपण द्यावयाच्या ‘लोगोस’ने. पहिला ‘वचन’ होय, दुसरा ‘हिशेब’. भाषांतरात ही जोड तुटते. तिला इलाज नाही.

सुट्या पदापेक्षा पूर्ण अर्थाचे बोलणे हा भाव ‘वाक्य’ अधिक राखते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय बंगालीत क्रियापद आदरार्थी असल्याने ‘वाक्य’ ही व्यक्ती आहे हे लगेच कळते. आपले ‘होता’ एकवचनी आहे. पण विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या भाषेत त्याने अनादर होत नाही. मराठीची सोय निराळी आहे. ‘लोगोस’ पुल्लिंगी, ‘शब्द’ही पुल्लिंगी, म्हणून दुसऱ्या वचनातील ‘तो’ अडखळल्यावाचून येतो. ‘वाणी’ घेतली असती तर ‘ती’ आणि ‘वचन’ घेतले असते तर ‘ते’ म्हणावे लागले असते. ‘शब्द’ म्हटले की आपल्याकडे व्याकरणकारांचे शब्दब्रह्म आठवते, ही अडचण खरी. परंतु योहानाच्या मागे उत्पत्तीचा पहिला अध्याय आहे, जेथे देव बोलतो आणि होते.

माझ्या मते या उताऱ्याची किल्ली नामापेक्षा क्रियापदांत आहे. पहिल्या वचनात ग्रीक ‘एन्’ तीनदा येते : ‘होता’, ज्याच्या असण्याला आरंभ सांगितलेला नाही. तिसऱ्या वचनात सृष्टीविषयी ‘एगेनेतो’ येते : ‘झाले’. सहाव्या वचनात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयीही तेच ‘एगेनेतो’. तेथे मराठीत ‘प्रकट झाला’ किंवा ‘आला’ असे म्हणावे लागते. ‘लोगोस’ विषयी मात्र लेखक ‘होता’ यावरच ठाम राहतो. चौदाव्या वचनात प्रथमच, सृष्ट वस्तूंसाठी वापरलेले तेच क्रियापद तो शब्दाला लावतो : देही ‘झाला’.