आधी चाक, मग डबा

पनवेल हे एकेकाळी चाकांचं गाव. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. घाटावरच्या बैलगाड्या माल घेऊन पनवेल बंदराकडे उतरायच्या आणि परतताना इथल्या सुतारांनी घडवलेली चाकांची जोडी घेऊन जायच्या, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहे. गाडीवान तुंबा, आरे आणि धाव पारखून मगच पैसे मोजायचा. आज नेरे-मालडुंगे बाजूला शेतघर बांधणारा माणूस ढकलगाडी घ्यायला जातो आणि डब्याचा रंग बघून परत येतो. पुढची यादी त्याच्यासाठी.

काय करावं

• काय वाहायचं आहे, ते दुकानात शिरण्याआधी ठरवावं. 100 लिटरचा डबा ओल्या मातीने काठोकाठ भरला, तर वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. त्याच डब्यात सुका पातेरा जेमतेम पाच-सात किलो बसतो. मातीला लहान आणि जाड डबा हवा. पातेऱ्याला मोठा, जाळीच्या कडांचा चालतो. चिरे किंवा कुंड्या न्यायच्या असतील, तर डबा नकोच. सपाट फळीची चारचाकी बरी, चिरा उचलून डब्याच्या काठावरून आत टाकताना कंबर जाते.

• एक चाक की दोन, हे वाट बघून ठरवावं. भाताच्या बांधावरून, केळीच्या ओळींमधून जायचं असेल तर एकचाकीच. तिला वीतभर रुंदीची वाट पुरते आणि ती अरुंद जागी वळतेही. मात्र तिच्यातला काही भार हातांवर येतो. वजनाचा मध्य चाकापासून मुठीपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशावर असेल, तर 90 किलोतले 30 किलो तुम्ही उचललेले असतात. आस बरोबर डब्याखाली असलेल्या दोनचाकीत हातांना फक्त तोल धरावा लागतो. सपाट आवार आणि साठीच्या पुढचा माणूस असेल, तर दुसरा विचार करू नये.

• चाक मोठं घ्यावं. लहान चाक दगडाला अडतं, मोठं त्यावरून चढून जातं. बैलगाडीचं चाक छातीपर्यंत उंच असायचं, ते काही शोभेसाठी नव्हे.

• टायरवर 4.00-8 हा आकडा शोधावा. तीनचाकी रिक्षाच्या टायरचा हाच आकार. म्हणजे ट्यूब, टायर, पंक्चर यांपैकी कशासाठीही गाडी विकणाऱ्याच्या दारात जावं लागत नाही. उरण नाक्यापासून आत कुठल्याही खेड्याच्या तिठ्यापर्यंत रिक्षाचं पंक्चर काढणारा सापडतोच. या एका आकड्याने माझी जितकी पायपीट वाचवली, तितकी बाकी कशाने वाचवली नाही.

• गाडी दुकानातच उलटी करावी. चाक फिरवून कान द्यावा. खरखर आली तर बेअरिंग सुकं आहे किंवा नुसतं बुशच बसवलेलं आहे. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवावं. डुगडुगलं तर तिथेच सोडून द्यावं. आस जिथे सांगाड्याला धरलेला असतो आणि पाय जिथे जोडलेले असतात, तिथलं वेल्डिंग सलग हवं. नुसते ठिपके दिसले तर समजावं की पहिल्याच पावसाळ्यात पाय वाकणार. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. घालू द्याव्यात.

• मुठीची उंची आपल्या हातांनी मापावी. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मुठी बोटांच्या पेरांजवळ याव्यात. गाडी माळीदादा ओढणार असतील, तर त्यांनाच दुकानात न्यावं.

• तयार गाडी पसंत पडत नसेल, तर बनवून घ्यावी. पोलादाचा बाजार कळंबोलीत, म्हणजे घरचाच. पाइप, पत्रा, 20 मिलिमीटरचा आस आणि त्यात बसणारं 6204 बेअरिंग एवढं लिहून दिलं की चांगला फॅब्रिकेटर पुढचं समजतो. ग्रीसचं निप्पल मात्र आठवणीने सांगावं. ते कोणी आपणहून लावत नाही.

काय टाळावं

• गेजच्या आकड्याला भुलू नये. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 16 गेज सुमारे दीड मिलिमीटर, 20 गेज एक मिलिमीटरच्याही आत. मी पहिली गाडी घेतली तेव्हा मला '20 गेज, एकदम भारी' असं सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. मुरूम भरायला घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात तळाला पोक आलं.

• 'क्षमता 200 किलो' हे अक्षरशः घेऊ नये. तो आकडा सपाट, कोरड्या जमिनीचा. जुलैत इथली वाट चिखलाची आणि चढाची असते. निम्मं धरावं.

• भरीव रबराचं चाक निव्वळ पंक्चरच्या भीतीने घेऊ नये. बाभळीचे काटे खरेच. पण भरीव चाक प्रत्येक धक्का मनगटात पोचवतं आणि मऊ जमिनीत रुततं. हवेच्या चाकात काट्यांवरचं सीलंट भरून ठेवावं. काँक्रीटच्या आवारात मात्र भरीव चाक खुशाल घ्यावं.

• पाण्याचा 200 लिटरचा पिंप गाडीत भरून नेऊ नये. वजन दोनशे किलो आणि ते सतत डचमळणारं. उतारावर असा पिंप माणसाला ओढून नेतो. एरवीही उतारावर एकच नियम: माणूस चढाच्या बाजूला, गाडी उताराच्या बाजूला.

• नुसत्या रंगावर पावसाळा काढू नये. खाडीचा खारा वारा, त्यात जून ते सप्टेंबरचा धो धो पाऊस. साधा रंग पहिल्या ओरखड्यापासून सुटायला लागतो. झिंक चढवलेला पत्रा घ्यावा. प्लास्टिकचा डबा गंजत नाही, पण उन्हात ठेवला तर दोन-तीन वर्षांत कडक होऊन काठाला तडकतो. तो घ्यायचा तर सावलीची जागा आधी बघावी.

• शेणखत किंवा रासायनिक खत गाडीत रात्रभर ठेवू नये. पत्रा खायला दोन्ही सारखीच तरबेज. सिमेंटचा माल तर तासाभरातच धुवावा. सुकला की छिन्नी लागते आणि छिन्नीने झिंक जातं.

• बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा मोह तूर्त टाळावा. पाच गुंठ्यांच्या आवाराला ती लागत नाही.

• गाडी तोंड वर करून उघड्यावर ठेवू नये. पाणी साचतं, डास होतात, आणि सापाला खालची गार जागा आवडते. पालथी घालून, भिंतीला टेकवून ठेवावी आणि आगोटीच्या आधी एकदा ग्रीस भरावं. शेजाऱ्याने मागितली तर द्यावी. पण परत आल्यावर त्याच्यासमोरच चाक एकदा आडवं हलवून बघावं.