भुताची रात्र की संतांची पूर्वसंध्या?



गेल्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. "टीचर, आमच्या सोसायटीत ३१ तारखेला हॅलोविन आहे. मम्मी म्हणते जा, आजी म्हणते ते सैतानाचं आहे. मी काय करू?" लगेच वर्गात गलका झाला. एकीच्या पप्पांच्या ऑफिसात प्लास्टिकचे भोपळे टांगले होते, एकाची ताई चेटकीण होणार होती. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. वर्ग सुटल्यावर तिने हळूच सांगितले, की दादाच्या मोबाईलवर भुताचा पिक्चर पाहिल्यापासून ती रात्री एकटी उठत नाही.

म्हातोबाच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे आपले हिंजवडी आता आयटी पार्कमुळे जगाला माहीत आहे. जगाचे सणही आता आपल्या लिफ्टमधून वर येतात. त्यांना नुसते "नको" म्हणून भागत नाही, त्यांची माहिती हवी. म्हणून आज आम्ही धर्मशिक्षणाचे शिक्षक प्रश्नोत्तरांच्या रूपात हा पाठ देत आहोत. आधी प्रश्न घरच्यांना विचारा, मगच उत्तर वाचा.

१. 'हॅलोविन' या शब्दाचा अर्थ काय?

हा शब्द मुळात आपलाच आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे संत. 'ऑल हॅलोज ईव्ह' म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. त्याचेच पुढे 'हॅलोविन' झाले. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ समर्पित केले. नवव्या शतकात पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात १ नोव्हेंबरचा सण दूरवर पसरला. आयर्लंडमध्ये याच सुमारास हिवाळ्याच्या आरंभीचा 'साविन' नावाचा जुना लोकोत्सव होता. दोहोंच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले तेव्हा तिथे भोपळा मुबलक होता, म्हणून सलगमाच्या जागी भोपळा आला.

२. मुले दारोदार खाऊ का मागतात?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे आणि मुले घरोघर जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत आणि बदल्यात 'सोल केक', म्हणजे आत्म्यांच्या नावाने केलेली गोड पोळी घेत. आजच्या 'ट्रिक ऑर ट्रीट'चे एक मूळ अभ्यासक इथे पाहतात. आज खाऊ उरला, प्रार्थना गळाली.

३. तेरा आकडा खरेच अशुभ आहे का?

काही इमारतींच्या लिफ्टमध्ये १३ नंबरचे बटणच नसते. या भीतीला 'ट्रिस्कायडेकाफोबिया' असे लांबलचक नाव आहे. शेवटच्या भोजनाला येशू आणि बारा प्रेषित मिळून तेराजण होते आणि त्यातील एकाने विश्वासघात केला, असे तिचे कारण लोक सांगतात. पण त्याच मेजावर ख्रिस्तशरीर संस्कार स्थापन झाला. ज्या शुक्रवारला लोक भितात, त्याच वाराला आपण 'उत्तम शुक्रवार' म्हणतो. फातिमा येथे पवित्र मरियेने पहिले दर्शन दिले ते १३ मे १९१७ रोजी, आणि पादुआच्या संत अंतोनीचा सण येतो १३ जूनला. तेराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला तर खुशाल घ्या.

४. शनिवारवाड्यात कोण हाक मारते?

पुण्यातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट ठाऊक असते: अमावास्येच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक येते. हाक दंतकथा असेल, खून मात्र इतिहास आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अवघ्या अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव यांची गारद्यांनी वाड्यातच हत्या केली. काका रघुनाथराव यांना रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले.

आपल्या लोककथांतली इतर भुतेही अशीच आहेत. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. म्हणजे ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले, ज्यांच्यासाठी धड रडताही आले नाही, त्यांनाच लोकांनी भुते केले. ज्या सुनेला वेळेवर सुईण किंवा डॉक्टर मिळाला नाही, तिचीच पुढे गावाला भीती वाटू लागली. ख्रिस्ती माणसाने अशी गोष्ट ऐकली की घाबरण्याआधी त्या जिवासाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे.

आपली प्रार्थनास्थळेही यातून सुटलेली नाहीत. दक्षिण गोव्यात कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवर पवित्र मरियेचे चॅपेल आहे. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या तीन राजांची कथा जोडून त्याला 'झपाटलेल्या' जागांच्या यादीत घातले जाते. प्रत्यक्षात तिथे दर ६ जानेवारीला तीन गावांतली तीन मुले राजांचा पोशाख करून घोड्यावरून टेकडी चढतात आणि माणसांची गर्दी लोटते.

५. मराठी भयकथेत भूत कोणाला धरते?

नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. मोठ्यांना 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू आठवत असेल. रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याला आपण भ्यालो कमी, हसलो जास्त. २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा होती. त्यात माणसाचा घात करतो तो सोन्याचा लोभ. संत लूकच्या बाराव्या अध्यायातील, कोठारे मोठी करू पाहणारा धनवान आठवा. चांगली भयकथा असे बोट आपल्याच पापावर ठेवते. मोठ्यांनी ती वाचण्यात दोष नाही.

६. ड्रॅक्युला क्रूस पाहून का पळतो?

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत क्रूस, इतकेच काय, पवित्र ख्रिस्तशरीरही पिशाच्चाला अडवण्यासाठी वापरले आहे. तेव्हापासून सिनेमात क्रूस म्हणजे जणू बंदूक झाली. आपणही नकळत असेच करतो. नव्या गाडीला रोझरी टांगतो, पण ती हातात घेऊन म्हणत नाही. क्रूस आणि आशीर्वादित पाणी ही आपल्या श्रद्धेची चिन्हे आहेत, ताईत नव्हेत. अंतःकरणाशिवाय नुसत्या बाह्य कृतीत शक्ती आहे असे मानणे म्हणजे अंधश्रद्धा, असेच कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (परिच्छेद २१११).

७. 'द एक्झॉर्सिस्ट' खरी घटना आहे का?

हा चित्रपट १९७३ चा. त्याच्या लेखकाला ही कल्पना १९४९ साली अमेरिकेत एका मुलावर जेज्वीट धर्मगुरूंनी केलेल्या विधीच्या बातमीवरून सुचली. बाकीचे बरेचसे कादंबरीकाराचे आहे. चित्रपटात दोन खऱ्या जेज्वीट धर्मगुरूंनी भूमिकाही केल्या आहेत.

सैतान आहे, असे ख्रिस्तसभा मानते. पण दुरात्मा घालवण्याचा विधी केवळ बिशपांनी खास परवानगी दिलेला धर्मगुरूच करू शकतो. आजार, विशेषतः मनाचा आजार, ही वेगळी गोष्ट असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट म्हणतो (परिच्छेद १६७३).

हे आम्ही मुद्दाम लिहितो. कोणाला भास होतात, कोणी झोपत नाही, कोणी स्वतःशी बोलतो, आणि घरचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी झालंय." मग बाबा, मांत्रिक, गंडेदोरे, कधी मारहाण. आपली ख्रिस्ती घरेही यातून सुटलेली नाहीत. फरक इतकाच, की काहीजण मांत्रिकाऐवजी 'भूत काढणाऱ्या' प्रार्थनासभा शोधतात आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतात. असे करू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या खुनानंतर त्याच वर्षी आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मनाच्या आजारासाठी सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन करा, डॉक्टरांकडे जा, आणि फादरांकडेही या. प्रार्थना आणि औषध एकाच घरात सुखाने नांदतात.

८. भीती कोठे संपते आणि भयगंड कोठे सुरू होतो?

भीती ही देवाची देणगी आहे, तीच आपल्याला सापापासून मागे ओढते. भयपट पाहताना छातीत धडधडते, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला कळत असते, म्हणून मोठ्यांना मजा येते. लहान मुलाला मात्र हा फरक नीट कळत नाही. अंधार, उंची, बंद लिफ्ट यांची भीती इतकी वाढली की रोजचे जगणे अडते, तेव्हा तो भयगंड. तो भित्रेपणा नव्हे, आणि तो बरा होतो. तज्ज्ञाच्या मदतीने भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे, पायरीपायरीने सामोरे जावे लागते. "एवढ्याशाला काय भितोस!" असे म्हणून हसल्याने तो बरा होत नाही.

९. पवित्र शास्त्रात भुताची गोष्ट आहे का?

आहे. पाण्यावरून चालत येणाऱ्या येशूला शिष्य भूत समजून ओरडले (मत्तय १४:२६). पुनरुत्थानानंतरही त्यांना तसेच वाटले. तेव्हा प्रभूने त्यांना हातपाय दाखवले आणि खायला मागून भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला (लूक २४:३६-४३). मेलेल्यांशी बोलण्याचा प्रयत्नही शास्त्रात आहे: शौल राजा एनदोरच्या बाईकडे गेला (१ शमुवेल २८) आणि अधिकच हताश होऊन परतला. हॉस्टेलमध्ये रात्री प्लँचेट करणाऱ्या युवक-युवतींनी हा अध्याय जरूर वाचावा. मृतांना बोलावू नये, मृतांसाठी प्रार्थना करावी. यहूदा मक्काबीने तेच केले (२ मक्काबी १२:३८-४६).

मग हॅलोविनला जावे का?

त्या मुलाला आम्ही सांगितले: सोसायटीतल्या मित्रांबरोबर भोपळा रंगवणे, वेष घालणे, चॉकलेट वाटणे हे पाप नाही. तीन गोष्टी मात्र नकोत. मृतांची किंवा पवित्र वस्तूंची टिंगल नको, प्लँचेटसारखे खेळ नकोत आणि आपल्याहून लहानाला घाबरवणे नको. तुला हवे असेल तर संताचा वेष घाल. संत जॉर्जला तर तलवारही आहे! आणि घरी येऊन आजीला सांग, की या दिवसाचे नाव संतांवरूनच पडले आहे.

आणि ती गप्प बसलेली मुलगी?

तिच्या आईशी बोलल्यावर उलगडा झाला. तिचे आजोबा २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. घरच्यांना त्यांचा चेहराही पाहता आला नव्हता. नंतर घरात त्यांचा विषय कोणी काढेना, सगळ्यांना रडू यायचे. पिक्चरमधला म्हातारा तिला आजोबांसारखा वाटला, आणि ज्यांच्या मांडीवर ती वाढली त्यांचीच तिला भीती वाटू लागली.

बंधू-भगिनींनो, आपण आपल्या मृतांविषयी बोलणे सोडले, की त्यांची जागा सिनेमातली भुते घेतात. म्हणून तर ख्रिस्तसभेने १ नोव्हेंबरच्या पाठोपाठ २ नोव्हेंबर ठेवला. सुमारे ९९८ साली क्लूनी मठाचे संत ओदिलो यांनी सर्व मृत भाविकांचा हा दिवस आपल्या मठांत सुरू केला. पहिल्या महायुद्धात माणसे लाखांनी मरत असताना, १९१५ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. १ ते ८ नोव्हेंबर या काळात कबरस्थानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटींवर, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी पूर्ण दंडमाफी मिळते.

आपल्यापैकी बहुतेकांची माणसे हिंजवडीत पुरलेली नाहीत. कोणाचे वडील वसईला आहेत, कोणाची आई अहिल्यानगर जिल्ह्यात, कोणाचे आजोबा जालन्याला किंवा गोव्याला. २ तारखेला सगळ्यांना गावी जाता येत नाही. कधी ऑफिस असते, आणि इथला ट्रॅफिक आपल्याला ठाऊकच आहे. पण जे कबरस्थान जवळ असेल तिथे जा. ज्या कबरीवर कोणीच येत नाही तिच्यावर एक मेणबत्ती लावा. तुमच्या आईच्या कबरीवर गावाकडे कोणीतरी तशीच लावील.

त्या मुलीच्या घरी आता जेवणाआधी आजोबांचे नाव घेऊन प्रार्थना होते. आजीने त्यांचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला आहे. मुलगी अजून दिवा लावूनच झोपते. आम्ही म्हटले, झोपू दे, घाई नाही.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी:

१. आपल्या घरात कोणत्या मृत व्यक्तीविषयी आपण बोलायचे थांबलो आहोत? का?
२. घरातल्या मुलाला कशाची भीती वाटते, हे आपण कधी विचारले आहे का?
३. आपल्या सर्व मृतांची नावे एका कागदावर लिहा. मुलांनी लिहावीत, मोठ्यांनी सांगावीत. प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाची एक गोष्ट सांगा आणि कागद घरातल्या क्रुसाखाली ठेवा.

प्रभो, त्यांना सार्वकालिक विश्रांती दे. आणि आमच्या लेकरांना शांत झोप दे. आमेन.