दुरुस्तीहून आलेली जुनी डिझेल गाडी चालू होत नाही तेव्हा

आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याची गाडी म्हणजे त्याचे गोदाम, त्याचे दुकान आणि रात्रीचा मुक्कामही. परदेशात लोक हौसेने ज्या कॅम्पर व्हॅनमध्ये राहतात, तिचे हे आपल्याकडील गरीब भावंड. आमच्याकडे १९९१ ची मॅटॅडोर होती. मागे आम्ही एक रुंद फळी ठोकून घेतली होती. दिवसा तिच्यावर साड्यांचे गठ्ठे, रात्री गठ्ठे बाजूला सारून आम्ही आणि आमचा भाचा. मालेगावहून निघावे, सटाणा, नामपूर, ताहाराबाद असे बाजार करावेत आणि तीन-चार दिवसांनी घरी परतावे, असा क्रम होता.

२००३ च्या डिसेंबरात क्लच घसरू लागला म्हणून गाडी गॅरेजला दिली. गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलली आणि लगे हाथ खालचा गंज खरवडून काळा रंगही मारून घेतला. गाडी घेऊन आलो तेव्हा सर्व ठीक वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरून सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ आवाज. चार माणसांनी धक्का दिला तेव्हा निघालो. इंजिन गरम असले की सेल्फ कसाबसा फिरे, थंड झाले की पुन्हा तेच. पुढील पंधरा दिवसांत नवी बॅटरी घेतली, सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलले. रोग जागच्या जागी. दोन बाजार बुडाले. लग्नसराईचा माल उधारीवर उचललेला होता. त्याचे पैसे मागणारा थांबणार थोडाच!

एका रात्री भाच्याने सेल्फ मारला तेव्हा आमचा हात इंजिन बंद करण्याच्या लोखंडी केबलला लागला आणि चटका बसला. केबल गरम का व्हावी? या प्रश्नातच उत्तर होते. इंजिन रबराच्या गादीवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व चेसिस यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअरहून अधिक करंट ओढतो आणि तो सगळा याच पट्टीवरून बॅटरीकडे परततो. आमची पट्टी गिअरबॉक्स उतरवताना सोडली होती. नंतर बसवली, पण ताज्या रंगावर! रंगातून वीज जाईना म्हणून बिचारा करंट त्या बारीक केबलमधून वाट काढीत होता. आयुष्यभर विणलेलीच वस्तू विकणाऱ्या माणसाला ही पट्टी पंधरा दिवस दिसू नये, याचे आजही हसू येते. रंग खरवडून, बोल्ट घासून पट्टी आवळली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू.

म्हणून आमचे सांगणे असे की दुरुस्तीनंतर गाडी बिघडली तर आधी दुरुस्तीत कुठे कुठे हात लागला ते विचारा. जिथे पाना फिरला तिथेच बहुधा चूक असते. नवे सामान त्यानंतर.

अर्थिंगची परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढा. जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. आता इंजिन झपाट्याने फिरले तर दोष अर्थिंगचाच. मीटर असल्यास अधिक बरे. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीकडे पाहा. ती दहाच्या वर राहूनही सेल्फ रेंगाळत असेल तर टर्मिनल, वायर, पट्टी किंवा खुद्द सेल्फ.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, हा प्रकार वेगळा. डिझेल फिल्टर किंवा पाइप उघडला गेला असेल तर लाइनने हवा धरली असे समजावे. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. तरीही न पेटल्यास नोझलकडील नळ्यांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारतात. पण हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीत. हल्लीच्या कॉमन रेल गाडीत त्या नळ्यांतील दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. तिथे हात घालू नये. बंद करण्याची केबल ओढलेल्या स्थितीत अडकली आहे का, हेही पाहावे; ही क्षुल्लक गोष्ट आम्ही दोनदा अनुभवली.

फक्त थंडीच्या पहाटे त्रास होत असेल आणि पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग तपासावेत. जुन्या जोडणीत चारही प्लग एकाच माळेत असतात. एक जळाला की चारही थंड. नंतरच्या जोडणीत प्रत्येकाला स्वतंत्र करंट मिळतो. तिथे एक गेला तर इंजिन थरथरत का होईना चालू होते.

काही ठिकाणी हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून इंजिन चालू करतात. मागे कापडाचे गठ्ठे असताना हे धाडस कोणी करू नये. ईथरचा फवारा हीटर प्लगच्या इंजिनात मारणेही तितकेच वाईट, आत भडका उडून पिस्टन फुटू शकतो. इंजिन चालू असताना ‘चार्जिंग बघू’ म्हणून बॅटरीची वायर काढण्याची सवयही सोडावी. त्यात आल्टरनेटरचे डायोड जातात.

त्या वर्षापासून गाडी गॅरेजला देताना आम्ही काय काय उघडणार ते मिस्त्रीकडून वहीत लिहून घेतो, आणि गाडी परत घेतो ती दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, स्वतः सेल्फ मारूनच.