संप्रेषण : सांगितलं म्हणजे पोचलं का?



आजच्या पाठात आपण संप्रेषणाची मूलभूत ओळख करून घेणार आहोत. व्याख्या आणि घटक नंतर पाहू. आधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो, कारण पुढचा सगळा पाठ तिच्यावरच उभा आहे.

एका सोमवारी मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : 'शिष्यवृत्तीचे फॉर्म परवापर्यंत जमा करावेत.' वाचूनही दाखवलं. "समजलं का?" असं विचारलं आणि सगळ्यांनी एका सुरात "हो सर" म्हटलं. माझं काम झालं असं मला वाटलं. त्या दिवशी एक मुलगी गैरहजर होती. ती मंगळवारी आली, फळा वाचला, 'परवा' म्हणजे गुरुवार असा हिशेब केला. तिच्या वडिलांनी बुधवारचा रोज बुडवून तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला आणि गुरुवारी सकाळी ती सगळी कागदपत्रं नीट लावून फॉर्म घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मुदत बुधवारी संध्याकाळीच संपली होती.

तिने सूचना वाचली होती, तिचा अर्थही बरोबर लावला होता. मीही सूचना दिली होती. मग चुकलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजेच संप्रेषण कसं चालतं हे समजून घेणं.

१. संप्रेषण म्हणजे काय?

'सम्' आणि 'प्रेषण' मिळून संप्रेषण हा शब्द होतो. प्रेषण म्हणजे पाठवणे. इंग्रजीतल्या 'कम्युनिकेशन' या शब्दाचं मूळ मात्र लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'सामायिक करणे, वाटून घेणे' असा आहे. मराठीत यासाठी संप्रेषण, संज्ञापन आणि संवाद हे शब्द वापरतात. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात 'संज्ञापन' जास्त दिसतो, अध्यापनशास्त्रात 'संप्रेषण', आणि रोजच्या बोलण्यात 'संवाद'.

सोपी व्याख्या अशी करता येईल : एका व्यक्तीच्या मनातला अर्थ दुसऱ्या व्यक्तीच्या मनात शक्य तितका तसाच तयार होणे, म्हणजे संप्रेषण.

या व्याख्येतला 'तयार होणे' हा शब्द अधोरेखित करा. डबा जसा एका हातातून दुसऱ्या हातात देतो, तसा अर्थ देता येत नाही. आपण फक्त खुणा पाठवतो : शब्द, आवाज, चित्र, हावभाव. त्या खुणांवरून अर्थ बांधण्याचं काम ऐकणारा करतो, आणि तो ते त्याच्याकडच्या सामानातून करतो.

२. संप्रेषणाचे घटक

फळ्यावरच्या त्या सूचनेवरूनच घटक पाहू.

१) प्रेषक – संदेश देणारा. इथे मी.

२) संदेश – जे सांगायचं आहे ते. माझ्या मनात होता 'बुधवार संध्याकाळ'.

३) संकेतन – मनातला अर्थ खुणांमध्ये बांधणे. मी 'बुधवार' या अर्थासाठी 'परवा' हा शब्द निवडला.

४) माध्यम – संदेश ज्यातून जातो ते. माझा आवाज आणि फळा. इथे एक फरक लक्षात घ्या. आवाज त्याच क्षणी विरून जातो, पण फळ्यावरची अक्षरं दुसऱ्या दिवशीही तशीच राहतात.

५) ग्राहक – संदेश घेणारा. वर्गातली मुलं आणि ती गैरहजर मुलगी.

६) विसंकेतन – खुणांमधून अर्थ सोडवणे. तिने 'परवा'चा अर्थ 'गुरुवार' असा सोडवला.

७) संदर्भ – वेळ, जागा, नातं, परिस्थिती. 'परवा'ला स्वतःचा दिवस नसतो, तो 'आज' कोणता यावर ठरतो. मराठीत तर 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यांत चार दिवसांचं अंतर आहे.

८) व्यत्यय – अर्थात बिघाड करणारी कोणतीही गोष्ट. तो बाहेरचा गोंगाट असू शकतो, तसाच मनातला किंवा भाषेतलाही असू शकतो.

९) प्रत्याभरण – ज्याला आपण सगळे 'फीडबॅक' म्हणतो. ग्राहकाला काय समजलं हे प्रेषकाकडे परत येणे.

आता चूक सापडली का पाहा. संकेतन आणि विसंकेतन यांच्या मधल्या काळात संदर्भ बदलला. बोलण्यासाठी चालणारा शब्द मी लिहिण्यासाठी वापरला. आणि प्रत्याभरण म्हणून मी ज्या 'हो सर'वर विसंबलो, त्यातून कोणाला काय समजलं हे कळतच नव्हतं.

३. संप्रेषणाची काही प्रारूपे

परीक्षेच्या दृष्टीने ही प्रारूपे महत्त्वाची आहेत. पण नुसती नावं पाठ करू नका, प्रत्येकाने नवीन काय जोडलं ते पाहा.

लासवेल (१९४८) – हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने पाच प्रश्न मांडले : कोण म्हणतो, काय म्हणतो, कोणत्या मार्गाने, कोणाला आणि परिणाम काय होतो. बातमी, जाहिरात किंवा भाषण तपासायला हे प्रश्न आजही कामाला येतात.

शॅनन आणि वीव्हर (१९४८-४९) – क्लॉड शॅनन हे बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ आणि अभियंते. १९४८ साली त्यांनी संप्रेषणाचा गणिती सिद्धांत मांडला. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या लेखासह तो पुस्तकरूपाने आला. 'व्यत्यय' ही कल्पना अभ्यासात रुजली ती इथून. मात्र शॅनन यांच्यापुढचा प्रश्न तारेतून संकेत बिनचूक कसा जाईल हा होता. संदेशाच्या अर्थाशी या तांत्रिक प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. माझ्या फळ्यावरचं अक्षर न् अक्षर त्या मुलीपर्यंत बिनचूक पोचलं होतं. शॅनन यांच्या हिशेबाने सगळं ठीक होतं!

श्रॅम (१९५४) – विल्बर श्रॅम यांनी दोन गोष्टी पुढे आणल्या. एक, संप्रेषण वर्तुळासारखं चालतं, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा आळीपाळीने दोन्ही भूमिका करतात. दुसरी, प्रत्येकाचं एक 'अनुभवक्षेत्र' असतं. दोघांची अनुभवक्षेत्रं जितकी एकमेकांवर येतात, तितकाच अर्थ जुळतो.

बर्लो (१९६०) – डेव्हिड बर्लो यांनी प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक हे चार घटक घेऊन प्रत्येकावर काय परिणाम करतं ते मांडलं. कौशल्य, वृत्ती, ज्ञान, सामाजिक रचना आणि संस्कृती या पाच गोष्टी प्रेषकालाही लागू होतात आणि ग्राहकालाही.

अनुभवक्षेत्राचं घरगुती उदाहरण पाहा. 'नारळ वाढवा' म्हटलं की आपल्याकडे नारळ फोडतात. 'दुकान वाढवलं' म्हणजे दुकान बंद केलं. 'पानं वाढा' म्हणजे जेवायला वाढा. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. हे शब्द शब्दकोशातून शिकून मराठीत नव्याने आलेला माणूस गोंधळणारच. तसंच 'शिक्षा' या शब्दाचं. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. अक्षरं तीच, अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेप्रमाणे.

४. शाब्दिक आणि अशाब्दिक संप्रेषण

बोललेले आणि लिहिलेले शब्द म्हणजे शाब्दिक संप्रेषण. चेहरा, नजर, हातवारे, आवाजाचा चढ-उतार, दोन माणसांमधलं अंतर, गप्प राहणं हे सगळं अशाब्दिक. घरात 'बघू' हा शब्द वडील कोणत्या सुरात म्हणतात यावरून सहलीला जायला मिळणार की नाही हे मुलांना लगेच कळतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'संप्रेषणात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५' हे वाक्य अनेक गाइडमध्ये आणि भाषणांत सापडतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांवरून आले आहेत. पण ते प्रयोग सुटे शब्द आणि आवड-नावड यांसारख्या भावनांपुरते होते. शब्द एक सांगतात आणि चेहरा किंवा आवाज दुसरं सांगतो, तेव्हा लोक कशावर विश्वास ठेवतात हा त्यांचा विषय होता. सगळ्या संप्रेषणाला हे आकडे लावू नयेत, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. साधा विचार करा. शब्दांचा वाटा ७ टक्के असता, तर पायथागोरसचा सिद्धांत मी हातवाऱ्यांनीच शिकवला असता.

५. 'ओके' या एका शब्दाची किंमत

वर्गातली चूक एका फॉर्मवर निभावली असं म्हणता येईल, जरी त्या मुलीला तसं वाटणार नाही. पण अशीच चूक जिथे शेकडो जीव एका वाक्यावर अवलंबून असतात तिथे झाली तर काय होतं, याचं उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ बेटावरचा लॉस रोडेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमानं इथे वळवली होती. दाट धुकं होतं. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन मोठी बोइंग ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर होती. दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती आणि नियंत्रण कक्षालाही ती दिसत नव्हती. सगळा भरवसा रेडिओवरच्या बोलण्यावर.

केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना मिळाली. उड्डाणाची परवानगी अजून मिळालेली नव्हती. वैमानिकांनी रेडिओवर जे शब्द वापरले, त्यांचा अर्थ दोन प्रकारे लागत होता : 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' किंवा 'उड्डाण सुरू केलं आहे'. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. त्याने 'ओके' म्हटलं आणि क्षणभर थांबून 'थांबा, मी कळवतो' असं सांगितलं. नेमकं त्याच वेळी पॅन अ‍ॅमचे वैमानिक 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगत होते. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कक्षात 'ओके'नंतर मुख्यतः कर्कश आवाज ऐकू आला. पलीकडचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, अशी शंका त्याच कक्षातल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती ठामपणे बाजूला सारली. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं मेली.

वरचे घटक इथे एकेक करून लावून पाहा. संदिग्ध संकेतन, माध्यमातला व्यत्यय, अर्धवट प्रत्याभरण, आणि पदाच्या दबावाखाली दबलेली शंका. माणसं आपापल्या कामात तरबेज होती. संदेशही पाठवले गेले होते.

यानंतर रेडिओवरच्या भाषेचे नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं 'ओके' चालत नाही, ती सूचनाच परत म्हणून दाखवावी लागते.

आपल्या रोजच्या बोलण्यातला 'हं' असाच फसवा आहे. फोनवर आपण 'हं, हं' म्हणतो त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच असतो. समोरचा मात्र 'कबूल आहे' असं धरून चालतो.

६. संप्रेषणातील अडथळे

१) भौतिक – गोंगाट, नेटवर्क नसणे, फळ्यावर पडणारी चकाकी.
२) भाषिक – अनेकार्थी शब्द, बोलीतला फरक, अवघड परिभाषा.
३) मानसिक – भीती, घाई, पूर्वग्रह, लक्ष नसणे.
४) सामाजिक – वय, पद, जात, लिंग यांमुळे येणारा संकोच. सरांना परत कसं विचारायचं, हा विचार याच गटातला.
५) संदर्भाचा अभाव – संदेश एका वेळी दिला, दुसऱ्या वेळी वाचला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'उद्या सुट्टी आहे' या संदेशाचं हेच होतं.

७. मग काय करायचं?

- लिहून सूचना देताना 'आज, उद्या, परवा' टाळा. वार, तारीख आणि वेळ लिहा.
- 'समजलं का?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येतं. त्याऐवजी "फॉर्म कधी आणि कोणाकडे द्यायचा, सांग बरं" असं विचारा.
- औषधाच्या बाबतीत तर हे जरूर करा. गोळी कधी, किती आणि किती दिवस घ्यायची, ते दवाखान्यातून निघण्याआधी आपल्या शब्दांत परत सांगून पाहा.
- शंका विचारणाऱ्याला हसू नका. आज एकाने विचारलं तर दहा जणांचं काम होतं.

समारोप

संप्रेषणाची सुरुवात बोलणारा करतो, पण ते पूर्ण झालं की नाही हे ऐकणाऱ्याकडून परत आल्यावरच कळतं. म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी सांगून संपत नाही. त्या मुलीने गुरुवारी मला एवढंच विचारलं होतं, "सर, परवा म्हणजे आजच ना?" तेव्हापासून माझ्या फळ्यावर 'परवा' हा शब्द आलेला नाही. तारीख लिहितो आणि शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला ती मोठ्याने सांगायला लावतो. दुसऱ्या दिवशी, काल कोण गैरहजर होतं तेही विचारतो.

स्वाध्याय

१) संप्रेषणाचे घटक तुमच्या घरातल्या एखाद्या गैरसमजाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२) शॅनन आणि श्रॅम यांच्या प्रारूपांतला मुख्य फरक सांगा.
३) 'आम्ही उद्या येऊ' आणि 'आपण उद्या येऊ' या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडतो?
४) तुमच्या शाळेच्या सूचनाफलकावरची एक सूचना उतरवून घ्या. काल गैरहजर असलेल्या मुलाला ती नीट कळेल का, ते तपासा आणि गरज असेल तर पुन्हा लिहा.