हायपो सर्वांत शेवटी

सोसायटीच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, निघालेलं पाणी दिसायला नितळ असतं, बीओडीचा रिपोर्टही पास असतो. तरी घराघरांतून आलेली डायक्लोफिनॅक, कार्बामॅझेपिनसारखी औषधं त्यात बरीचशी तशीच उरतात, आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही. हे पाणी फ्लशिंगला, बागेला किंवा कूलिंग टॉवरला फिरवायचं असेल, तर ही कृती. हिशेब 100 केएलडीचा, म्हणजे दिवसाला 100 घनमीटरचा धरला आहे.

औषधं मोडायला ओझोन लागणार आहे, पण सुरुवात त्याच्या मशिनने करू नका, हवा देणाऱ्या ब्लोअरपासून करा. विजेचं बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवले की अमोनियाचं काम अर्धवट राहतं आणि पाण्यात नायट्राइट साचतं. टेस्ट किटचे थेंब टाकल्यावर बाटली गुलाबी झाली, तर तिथेच थांबा. कारण 1 मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे 3.4 मिलिग्रॅम ओझोन गिळतो. ब्लोअर चालू ठेवून गुलाबी रंग येईनासा झाला की पाणी सँड फिल्टरमधून काढा. गाळाच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत पुढचं काहीच पोचत नाही.

आता ओझोन. लॅबकडून विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजून घ्या. त्याच्या प्रत्येक ग्रॅमला 0.6 ग्रॅमच्या आसपास ओझोन लागतो. कार्बन लिटरला 8 मिलिग्रॅम असेल, तर डोस 4.8, म्हणजे तासाला 20 ग्रॅम. त्याच पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन असेल, तर तेच मशिन 34 ग्रॅमचं घ्यावं लागतं. ब्लोअरचं बिल परवडलं! 20 मिनिटांच्या संपर्काला दीड घनमीटरची बंद टाकी पुरते. उरलेला वायू डिस्ट्रक्टरमधूनच बाहेर सोडा आणि अलार्म 0.1 पीपीएमला लावा. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास आला, तर आधी बाहेर पडा. किनाऱ्याजवळ ड्रेनेजमध्ये खारं पाणी शिरत असेल, तर ब्रोमाइड तपासल्याशिवाय ओझोन सुरू करू नका, त्यातून ब्रोमेट तयार होतं. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक मोठ्या केंद्रांना अशा सूक्ष्म प्रदूषकांपैकी 80 टक्के काढणं बंधनकारक केलं, त्यातली बरीच केंद्रं ओझोनच्याच वाटेने गेली. सीटी स्कॅनच्या वेळी टोचतात ते आयोहेक्सॉल मात्र ओझोनला सहजी बधत नाही.

ओझोनने औषधं नाहीशी होत नाहीत, मोडतात. ते तुकडे खायला कार्बन फिल्टर हवा, आणि तोही निवांत. आपल्याकडचे कार्बन फिल्टर बहुधा वास मारण्यापुरते असतात, पाणी दोन-चार मिनिटांत पार होतं. इथे 20 मिनिटं धरा, म्हणजे सुमारे 1.4 घनमीटर कार्बन. त्या दाण्यांवर जिवाणूंचा थर धरू द्या, तोच कामाचा. आणि हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइटचा) डोसिंग पंप फिल्टर फीड टँकवर बसवला असेल (बहुतेक ठिकाणी तिथेच असतो), तर आजच हलवा. तिथे टाकलेलं क्लोरीन कार्बन खाऊन टाकतो आणि तो थरही धरत नाही.

कार्बननंतर यूव्ही. 40 मिलिज्यूलच्या नेहमीच्या डोसात जंतू निकामी होतो, पण त्याच्यातलं प्रतिकाराचं जनुक शाबूत राहू शकतं. ते तोडायला कित्येक पट डोस लागतो. दिव्याची काच दर आठवड्याला पुसा. मग हायपो, पाइपात वाढ होऊ नये इतपतच.

तपासणीला ई. कोलाय मोजताना लॅबला दोन प्लेटा लावायला सांगा, एक साधी आणि एक सेफोटॅक्झिम घातलेली. दुसरीवर उगवलेल्या वसाहती म्हणजे औषधाला न जुमानणारे. नमुना प्लँटच्या नळाचा नको, सगळ्यात लांबच्या विंगच्या फ्लश टाकीतला घ्या.

राहिला गाळ. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यापेक्षा गाळालाच जास्त चिकटतं, तेव्हा माळीकाकांनी कितीही मागितला तरी ओला गाळ गुलाबांना देऊ नका.