पोळ्याची पुरणपोळी व मंदाग्नी

हिंगणघाट परिसरात श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. वर्षा ऋतूत अग्नी मंद. हरभरा वातकर, त्यात गूळ-तूप. पोळी सोडा असे रुग्णास सांगणे आम्हांस व्यर्थ वाटते, कृतीच सुधारावी. नवा गूळ कफकर व अग्निमांद्यकर, जुना पथ्यकर. म्हणून वर्षभर जुना गूळ घ्यावा. पुरणात जायफळासोबत सुंठ घालावी. गुरू अन्न अर्धतृप्तीपर्यंतच घ्यावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. पहिल्या घासास तुपातून हिंग्वष्टक द्यावे; पित्तप्रकृतीस जपून. औषधी दुकानदारांनी ते सणाआधीच सुचवावे, अजीर्ण झाल्यावर नव्हे. मधुमेही रुग्णास मात्र जुना गूळही रक्तशर्करा वाढवितो, हे स्पष्ट सांगावे. त्यास अर्धी पोळी पुरे, आणि चालू औषध त्याने सणापुरतेही थांबवू नये.