वाटीतलं औषध

‘सुई तुमच्या हातात होती, सर,’ एवढं बोलून एका हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी विषय मिटवला. होती ना! पण सुईत काय भरायचं, ती पद्धत कोणाची होती?

सायनसच्या शस्त्रक्रियेत नाकात ठेवायच्या पट्ट्या एकास हजार अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवतात. टोचायचं ते लिग्नोकेनमधलं एकास दोन लाख, म्हणजे २०० पट सौम्य. दिसायला दोन्ही पाणी. त्या ओटीत दोन्ही औषधं सारख्याच स्टीलच्या वाट्यांत ओतायची रीत. लेबलं लावा, असं मी लेखी दिलं होतं. उत्तर आलं, ‘आमची सिस्टर जुनी आहे, तिला डोळे मिटून कळतं.’ त्या दिवशी ती रजेवर होती.

बदलीच्या मुलीनं सिरिंज दिली. ‘लिग्नोकेन?’ ‘हो सर.’ मधल्या टर्बिनेटच्या मुळाशी जेमतेम अर्धा मिली गेलं असेल, तोच मॉनिटरची टिकटिक सुसाट सुटली. भूलतज्ज्ञ मॅडम ताडकन उठल्या. ‘काय दिलंत?’ वरचं प्रेशर २४० च्या पुढे. मागच्या टेबलावर लिग्नोकेनची बाटली होती, सीलसकट. वाटीतलं अ‍ॅड्रेनलिन हेच लिग्नोकेन, असं त्या मुलीला वाटलं होतं.

मॅडमनी भूल वाढवली, नायट्रोग्लिसरीन सुरू केलं. अशा वेळी घाईनं बीटा ब्लॉकर दिला तर हृदय त्या दाबापुढे हात टेकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. तो त्यांनी दिला नाही, म्हणून पेशंट वाचला. शस्त्रक्रिया तिथेच थांबवली.

संध्याकाळी मालकांचा आग्रह, ‘फाइलमध्ये औषधाची रिअ‍ॅक्शन लिहा.’ मी घडलं तेच लिहिलं आणि नातेवाइकांनाही सांगितलं. मुलीला काढून टाकलं, मला तिथून बोलावणं बंद झालं. वाट्या आहेत तशाच आहेत, असं ऐकतो.

तेव्हा मित्रांनो, टोचायचं औषध वाटीत ओतूच देऊ नका. बाटली डोळ्यांसमोर फोडायला लावा, नाव आणि प्रमाण मोठ्यानं वाचून घ्या. ‘लिग्नोकेन ना?’ असं विचारू नका, ‘काय आहे?’ विचारा, पहिल्या प्रश्नाला ‘हो सर’ हेच उत्तर येतं. पट्ट्या आधी भिजवा, उरलेलं फेकून द्या. अ‍ॅड्रेनलिनमध्ये फ्लुरेसिन टाकलं की ते पिवळं दिसतं, खर्च किरकोळ. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची चेकलिस्ट चांगलीच आहे, पण तिचा दुसरा थांबा चीर देण्याआधी येतो आणि आपण त्याच्याही आधी टोचून मोकळे होतो. तो थांबा टोचण्याआधी घ्या. बाकी स्टाफशी नीट बोला, नोंदी ठेवा वगैरे आहेच.

आणि लेबलं लावायला नकार देणाऱ्या ओटीत केस लावू नका. पेशंट दुसरीकडे न्या, मालक रुसले तरी चालतील.